पिन, बुश आणि मधली फट

वीस टनी पोकलेनच्या एका बाजूची चेन म्हणजे पन्नासच्या आसपास लिंकांची माळ. दोन लिंक जिथे जुळतात तिथे एक पोलादी पिन आणि पिनेभोवती बुश. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर साधारण १९० मिलिमीटर. त्याला पिच म्हणतात. पिन आणि बुश एकमेकांवर घासून दर सांध्यात पिच एक मिलिमीटर जरी वाढला, तरी अख्खी चेन पाच सेंटिमीटरने लांबते. मग ती लोंबते, वळताना आतल्या चाकांवरून, म्हणजे रोलरवरून, सरकते आणि नको तिथे, नेमकी चिखलात, उतरते. चेनवर चालणाऱ्या यंत्रांची कुळकथा लोक इंजिनापासून सांगायला घेतात. माझ्या मते ती या एका मिलिमीटरपासून सांगावी.

मूळ कल्पना फार जुनी. आपला रस्ता आपणच अंथरत जाणाऱ्या गाडीचं पेटंट रिचर्ड लव्हेल एजवर्थ याने १७७० साली इंग्लंडमध्ये घेतलं. जेम्स बॉयडेलने १८४६ साली चाकाच्या कडेला पायताणासारख्या रुंद फळ्या जोडल्या. चाक फिरेल तशी एकेक फळी पुढे पडायची, मागची उचलली जायची. क्रिमियन युद्धात तोफा ओढायला अशी चाकं वापरली गेली. झीज मात्र भारी होती. रस्ता सोबत न्यायचा म्हटलं की रस्त्याची डागडुजीही सोबतच आली, हे तेव्हाच कळून चुकलं असणार.

सांध्याची युक्ती निघाली ती भलत्याच घरात. मँचेस्टरच्या सूतगिरण्यांतल्या यंत्रांना चेन लागायच्या. त्या काळच्या चेनमध्ये पट्ट्यांची भोकं थेट पिनेवर टेकायची. सगळा भार पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद कडेवर यायचा आणि पिनेला खाचा पडायच्या. स्वित्झर्लंडहून आलेल्या हान्स रेनॉल्डने १८८० साली आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक नळी घट्ट बसवली. हाच बुश. आता पिन पूर्ण रुंदीभर टेकू लागली, भार पसरला, झीज मंदावली. आजच्या पोकलेनच्या चेनमध्ये मांडणी तीच आहे. एका लिंकजोडीत बुश प्रेसने दाबून बसवलेला, शेजारच्या जोडीत पिन दाबून बसवलेली, आणि हालचाल काय ती पिन आणि बुशाच्या मध्ये.

कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या बेंजामिन होल्टला भेडसावत होती ती जमीन. सॅन वाकीन नदीच्या त्रिभुज प्रदेशातली माती काळी, भुसभुशीत आणि पाण्याने फुगलेली. वाफेचे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतायचे. चाकं रुंद करत करत गाडी एवढी अगडबंब झाली की वळवायची पंचाईत. शेवटी मागची चाकं काढून त्याने तिथे साखळ्यांवर ठोकलेल्या लाकडी फळ्यांचा पट्टा बसवला आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी रॉबर्ट्स बेटावर ट्रॅक्टर चालवून पाहिला. चालला. असं करणारा होल्ट पहिला नव्हे. मेन राज्यातल्या अॅल्विन लोम्बार्डने लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या पट्टागाडीचं पेटंट १९०१ सालीच घेतलं होतं, आणि इंग्लंडात ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्सचं कामही त्याच सुमारास चालू होतं. हॉर्न्सबीची पेटंटं पुढे होल्टनेच विकत घेतली. होल्टचं श्रेय हे, की त्याने यंत्र गिऱ्हाइकांच्या हाती दिलं आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्या.

तक्रारींची खाण उघडली ती लॉस एंजेलिसच्या जलवाहिनीवर. १९०८ साली त्या कामावर होल्टचे २८ ट्रॅक्टर होते. मऊ, ओल्या मातीत शहाण्यासारखी वागणारी यंत्रं वाळवंटातल्या वाळूत महिन्यांत झिजू लागली. वाळूचा कण पिन आणि बुशाच्या फटीत शिरला की तो पॉलिश पेपरचं काम करतो. वरून उघडं तेल घातलं तर वाळू चिकटून आणखी छान लेप तयार होतो. दुरुस्तीचा खर्च एवढा वाढला की बरंचसं ओझं पुन्हा खेचरांच्या पाठी गेलं. जमिनीनुसार झीज बदलते, हा धडा तिथला. कोकणातल्या जांभ्याच्या चिकट चिखलात चालणारी चेन आणि घाटावरच्या काळ्या कातळात चालणारी चेन एकाच कारखान्यातून आलेली असली तरी त्यांचं आयुष्य एक नसतं. कातळ पट्ट्याच्या प्लेटांना आणि रोलरना ठोकतो. चिखल चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, दातांत भरून चेन आतूनच ताणतो. म्हणून चिखलात चेन किंचित ढिली ठेवायची आणि सुट्टी होताना पट्टा झाडून चिखल काढायचा. रात्रभर सुकला की तो विटेसारखा होतो, दुसऱ्या दिवशी रोलर फिरतच नाही आणि चेन त्याच्यावरून घसटत जाते. एका बाजूने सपाट झालेला रोलर दिसला की समजावं, हा जाम होता.

चेन उतरण्याच्या दुखण्यावरचा मोठा उपाय मात्र पहिल्या महायुद्धाच्या घाईत सापडला. १९१५ सालच्या सप्टेंबरात इंग्लंडातल्या लिंकन शहरात विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन पहिल्या रणगाड्याच्या खटपटीत होते. शिकागोहून मागवलेले बुलॉक कंपनीचे पट्टे त्यांनी लावून पाहिले. खंदक ओलांडताना पट्टा खाली लोंबायचा आणि पलीकडे गेल्यावर चाकांवर पुन्हा नीट बसायचाच नाही. ट्रिटनने ओतीव लिंकांवर दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांचा नवा पट्टा केला आणि आतल्या बाजूने त्याला असे पकड-कंगोरे दिले की तो चौकटीला धरून राहील, लोंबणार नाही. २२ सप्टेंबरला लंडनला तार गेली, ती चक्क बाळ झाल्याच्या बातमीच्या थाटात. बाळ वजनाला हलकं पण दणकट, असा मजकूर. आजच्या बॉटम रोलरच्या दोन्ही कडांना असतात त्या कॉलर हेच काम करतात: लिंक दोन कडांमध्ये पकडून ठेवायची. या कॉलर झिजल्या की चेन कितीही कसा, ती उतरतेच. वारंवार चेन उतरणाऱ्या यंत्राला नुसता ताण देणारा फिटर अर्धंच दुखणं बघतो.

ताण देण्याची सोयही हळूहळू सुधारत गेली. पूर्वी पुढचं बिनदाती चाक, म्हणजे आयडलर, भल्यामोठ्या स्क्रूने पुढे सरकवावं लागे. तो गंजला की घणाशिवाय हलत नसे. आता आयडलरच्या मागे जाड स्प्रिंग आणि तिच्याजवळ ग्रीसचा सिलिंडर असतो. ग्रीस गनने ग्रीस भरलं की आयडलर पुढे, व्हॉल्व्ह सैल केला की मागे. पोकलेनची एक बाजू बूमने उचलायची, खाली ठोकळे द्यायचे, पट्टा फिरवून माती झाडायची आणि मध्यावर झोळ मोजायचा. किती हवा ते त्या मॉडेलच्या पुस्तकात असतं. व्हॉल्व्ह सैल करताना तोंड, हात, छाती त्याच्या समोर असता कामा नये, आणि तो एका फेऱ्याहून जास्त सोडायचा नाही. आतलं ग्रीस एवढ्या दाबाखाली असतं की कातडीत घुसतं. ग्रीसने झोळ जातो, पण पिच तेवढाच वाढलेला राहतो; ग्रीस मारून चेन तरुण होत नाही.

फटीवर खरा घाव बसला तो सील आल्यावर. वाळू आत येऊ द्यायची नाही आणि तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढीच मागणी होती, पण ती पुरी करायला होल्टनंतर कित्येक दशकं गेली. १९७० च्या दशकात डोझरच्या चेनमध्ये पोकळ पिना आल्या. पिनेच्या पोटात तेल, टोकाला रबरी बूच, दोन्ही कडांना सील. पोकलेनच्या चेनमध्ये सहसा तेलाऐवजी ग्रीस भरून सील करतात. तेल भरलेल्या चेनमध्ये आतली झीज जवळपास थांबली आणि आता बुशाची बाहेरची बाजू आधी झिजू लागली, कारण स्प्रॉकेटचा दात तिथे घासतो. त्यावर उपाय म्हणजे पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवणं. वेळेवर केलं तर चेनला दुसरं आयुष्य मिळतं, आणि बुश तडकेपर्यंत थांबलं तर फिरवायला काही उरत नाही. एखाद्याच पिनेचं तेल गेलं की तो सांधा चालता चालता तापतो, कुरकुरतो. काम थांबवून इन्फ्रारेड थर्मामीटरने एकेक पिन तपासली तर कोरडी पिन शेजारणींपेक्षा गरम दाखवते.

स्प्रॉकेटच्या टोकदार दातांबद्दलही गैरसमज फार. दात सुईसारखे झालेले दिसले की मालक नवं स्प्रॉकेट आणतो आणि जुन्याच चेनवर चढवतो. दातांमधलं अंतर १९० चं, चेनचा पिच १९२ चा. बुश दातावर नीट न बसता वर चढतो आणि नवं स्प्रॉकेट काही महिन्यांत जुन्यासारखं होतं. आधी चार लिंकांचं अंतर टेपने मोजावं.

१९७७ साली कॅटरपिलरच्या डी-१० डोझरमध्ये स्प्रॉकेट जमिनीवरून उचलून वर नेलं गेलं. धोंड्यांचे हादरे आणि चिखल त्याच्यापासून लांब राहिले. पोकलेनमध्ये ते खालीच राहिलं, कारण तिचं बहुतेक काम एका जागी उभं राहून. पण आपल्याकडे ट्रेलरचं भाडं वाचवायला मशिन या साइटवरून त्या साइटवर कोसभर चालवत नेणारे कमी नाहीत. चालवायचंच असेल तर निदान स्प्रॉकेट मागे आणि आयडलर पुढे असल्याची खात्री करावी. उलटं झालं की वरची चेनही ताणाखाली येते आणि भरलेला बुश दातावर घासत फिरतो. त्या एका फेरीत पिन-बुश किती खर्ची पडले, हे ट्रेलरच्या भाड्याच्या हिशोबात कुणी धरत नाही.