शांताबाई दाणी : त्याग की निर्णय?

शांताबाई दाणींविषयी आपल्या सभांतून बोलले जाते तेव्हा ‘त्यांनी समाजासाठी संसाराचा त्याग केला’ हे वाक्य हमखास येते. त्या आजन्म अविवाहित राहिल्या हे खरे. पण ‘त्याग’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे, असे मला वाटते.

शांताबाई नाशिकच्या. मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. मंदिराच्या दारांवर ठाण मांडलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. म्हणजे आमच्या बाया घराबाहेर पडल्या त्या आंदोलनातच. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की मुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी नव्हे, मैत्रीण व्हावे. त्याच काळात तरुण शांताबाई दादासाहेब गायकवाडांबरोबर फेडरेशनच्या कामात उतरल्या. नाशिकमध्ये त्यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या. १९६८ पासून सहा वर्षे त्या विधान परिषदेत होत्या.

हे सारे मुलीच्या लग्नाकडे डोळे लावून बसलेल्या समाजात घडले. पुरुष कार्यकर्ता महिनोन्‌महिने गावोगाव फिरे, तेव्हा चूल त्याची बायको सांभाळी. संसार की चळवळ, असे त्याला कोणी विचारले नाही. बाईला मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागले. ही अट मंदिराच्या पुजाऱ्यांनी घातलेली नव्हती. ती आपल्याच घरातली होती. ‘त्याग’ म्हटले की ही अट झाकली जाते आणि बाईने केलेली निवडही पुसली जाते.

चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांच्या हकिकती मिळवल्या, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ झाला. तोवर आपल्या इतिहासलेखनाला त्यांची फारशी आठवण नव्हती.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली, कारण घर चालवायला तिचे हात हवे होते. माझी पदवी या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही. आज माझ्या वर्गातल्या मुलींना दुसऱ्या वर्षाला स्थळे येऊ लागतात; बैठकीच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते आणि निर्णय वडील घेतात. या मुलींना शांताबाईंचे चरित्र त्यागाचा धडा म्हणून शिकवले, तर त्या नमस्कार करून बोहल्यावर चढतील. एका बाईने घेतलेला निर्णय म्हणून ते आपण शिकवणार आहोत का?