बायकांच्या मनगटावरील सोन्याचे घड्याळ

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे कार्यवाह बाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या सासूबाईंच्या घड्याळावरून घरात दोन वर्षे अबोला होता, आणि तो मिटविताना मला जे कळले ते आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहिते.

मनगटी घड्याळ मुळात पुरुषांचे, बायकांनी ते मागून घेतले, अशी आपली समजूत असते. इतिहास नेमका उलट आहे. नेपोलियनची बहीण कॅरोलिन ही नेपल्सची राणी होती. तिने १८१० साली पॅरिसचे नामांकित घड्याळजी ब्रेगे यांना मनगटावर बांधण्याचे घड्याळ करावयास सांगितले; ते १८१२ साली तिला मिळाले. पुढे १८६८ साली जिनिव्हाच्या पाटेक फिलिप यांनी हंगेरीच्या एका सरदारपत्नीसाठी सोन्याच्या कंकणात घड्याळ बसविले. पुरुष तेव्हा साखळीचे घड्याळ खिशात ठेवीत आणि मनगटी घड्याळाला बायकी म्हणून हसत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकात खिसा चाचपायला सवड मिळेना, तेव्हा शिपायांनी ते मनगटावर बांधले. मग हसणे थांबले!

पुरुषांनी घड्याळ उचलल्यावर बायकांचे घड्याळ अधिकाधिक लहान होत गेले. स्वित्झर्लंडमध्ये १९२९ साली जेगर-लकूल्त्र यांनी असे मशीन केले की त्याचे वजन जेमतेम एक ग्रॅम. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिने १९५३ साली राज्याभिषेकाच्या वेळी तशाच मशीनचे घड्याळ घातले होते.

आता मुख्य मुद्दा. जुने घड्याळ सोन्याचे आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही. मागचे झाकण उघडून आतली अक्षरे वाचावी लागतात. ते घरी सुरीने उघडू नये, घड्याळजीकडून उघडून घ्यावे. आत ७५० किंवा १८ असेल तर अठरा कॅरट, ५८५ किंवा १४ असेल तर चौदा, आणि ३७५ किंवा ९ असेल तर नऊ कॅरट. इंग्लंडकडून आलेल्या घड्याळांत नऊ कॅरट पुष्कळ आढळते. स्विस घड्याळांवर आकड्याबरोबर चित्रही असे. १८८० च्या कायद्यानंतर अठरा कॅरटला बाईचे मस्तक आणि चौदाला खार, असे ठसे मारीत. १९९५ पासून त्यांच्या जागी कुत्र्याच्या डोक्याचा ठसा आला. चित्र इतके बारीक असते की भिंगावाचून दिसत नाही.

मात्र आत ‘रोल्ड गोल्ड’ किंवा ‘गोल्ड फिल्ड’ असे शब्द असतील, तर ते दुसऱ्या धातूवर चढविलेले सोन्याचे पातळ पान समजावे. काही अमेरिकन घड्याळांत वीस किंवा पंचवीस वर्षांची हमी कोरलेली असते. ती हमी वरचे सोने झिजणार नाही याची. सबंध सोन्याच्या घड्याळाला अशी हमी कशाला लागेल?

मोल करताना दोन हिशेब वेगळे ठेवावे. पहिला सोन्याचा. मशीन आणि काच काढून नुसत्या केसचे वजन करावे. समजा ते ५ ग्रॅम भरले. अठरा कॅरट असेल तर त्यात शुद्ध सोने पावणेचार ग्रॅम, आणि नऊ कॅरट असेल तर दोन ग्रॅमहूनही थोडे कमी. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले पाहून कोणी हुरळू नये. ते कारखान्यात तयार केलेले माणकाचे बारीक खडे असतात, त्यांना वेगळी किंमत येत नाही. दुसरा हिशेब घड्याळ म्हणून. नामवंत कारखान्याचे नाव तबकडीवर व मशीनवर एकच आहे का, तबकडी मूळची आहे की पुन्हा रंगविलेली, किल्ली दिल्यावर चालते का, हे पाहावे. तबकडी रंगवून घेतली किंवा केस घासून चकचकीत केली की जाणता गिऱ्हाईक कमी पैसे देतो. आपल्याकडे २०२१ साली दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती सुरू झाली, तीतून घड्याळे वगळली होती. तेव्हा आतला जुना ठसा हाच आपला साक्षीदार.

१९६९ साली जपानच्या सायको कंपनीचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आले आणि किल्लीची घड्याळे मागे पडली. १९८० च्या जानेवारीत सोन्याचा भाव भडकला. त्या दिवसांत बायकांची किती तरी चांगली घड्याळे मुशीत गेली. वितळलेल्या घड्याळाचा दुसरा हिशेब मांडायला कोणी उरत नाही.

आता आमच्या घरचे. सासूबाईंना त्यांच्या वडिलांनी लग्नात घड्याळ दिले होते. त्यांच्या मागे ते थोरल्या जाऊबाईंच्या कपाटात राहिले. पुतणीच्या लग्नासाठी मोडायला नेले, तर सराफ म्हणाले, हे सोन्याचे नाही. वन्सं म्हणाल्या, “आईचं घड्याळ सोन्याचंच होतं. हे बदललेलं आहे.” जाऊबाईंचा जीव त्या बोलाने अगदी पोळला. त्या दोन वर्षांत भाऊबीजेला वन्सं आल्या नाहीत.

शेवटी मी ते घड्याळ आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेले आणि वन्संनाही बोलावून घेतले. झाकण उघडले, तर आत ‘रोल्ड गोल्ड’ स्पष्ट लिहिलेले. शेजारी सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे. जुने घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळात अशी आपली खूण करून ठेवीत. म्हाताऱ्यांनी भिंग लावले आणि म्हणाले, “हे माझ्या वडिलांचं अक्षर.” तारीख होती १२-३-६४. जाऊबाई या घरात आल्या त्या १९९१ साली.

वन्सं काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी घड्याळ जाऊबाईंच्याच हातात दिले, आणि त्या वर्षी भाऊबीजेला आल्या.

म्हणून भगिनींनो, कपाटातले जुने घड्याळ सराफाकडे नेण्याआधी, आणि घरातल्या माणसावर संशय घेण्याआधी, एकदा झाकण उघडून पाहा. काही चुकले असल्यास पदरात घ्यावे.