मोबाइलवरची ठकबाजी आणि तिला घातलेले पायबंद

मोबाइलवरून मोबाइलवर पसरणारा पहिला व्हायरस जून 2004 मध्ये उघडकीस आला. सुरक्षा कंपन्यांनी त्याला ‘कॅबिर’ हे नाव दिले. नोकियाच्या त्या काळातल्या महागड्या फोनांत सिम्बियन ही प्रणाली असे आणि तिच्यासाठी तो ‘29ए’ या हौशी व्हायरसकारांच्या गटातल्या एकाने लिहिला होता. पैसा कमावणे हा हेतू नव्हता. असे करता येते एवढे दाखवून द्यायचे होते. कॅबिर ब्लूटूथवरून जाई, त्यामुळे दहाएक मीटरच्या टप्प्यात येईल तोच फोन त्याच्या तावडीत सापडे. लागण झालेल्या फोनच्या पडद्यावर ‘कॅरिब’ अशी अक्षरे उमटत आणि फोन सारखा शेजारचे फोन धुंडाळत राहिल्याने बॅटरी भराभर उतरे. नुकसान एवढेच.

कॅबिरची खरी गंमत त्याच्या शिरकावात होती. तो आपणहून फोनमध्ये शिरत नसे. आधी ‘संदेश आला आहे, घ्यायचा का?’ असा प्रश्न येई. मग हा प्रोग्रॅम कोणाचा ते माहीत नाही, तरी तो बसवायचा का, असे फोन विचारी. ‘नाही’ दाबले की शेजारचा बाधित फोन तीच फाइल पुन्हा पाठवी, प्रश्न पुन्हा येई. माणूस टप्प्याबाहेर जाईपर्यंत हे चाले. कंटाळून कोणी ‘होय’ दाबले की काम फत्ते. ऑगस्ट 2005 मध्ये हेलसिंकीत जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा भरली, तेव्हा स्टेडियमच्या गर्दीत कॅबिर पसरल्याची नोंद फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीने केली. फोन इशारा देत होता आणि मालक तो बाजूला सारत होता. पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक फसवणुकी याच वाटेने झाल्या.

कॅबिरनंतर पिल्लावळ वाढली. नोव्हेंबर 2004 मधला ‘स्कल्स’ पडदा सजवण्याचे साधन म्हणून फोनवर येई आणि सगळ्या चिन्हांच्या जागी कवट्या मांडून ठेवी. 2005 मधला ‘कॉमवॉरियर’ एमएमएसने जाऊ लागला, म्हणजे दहा मीटरची मर्यादा संपली. पैशाची गोष्ट सुरू झाली ती 2006 मध्ये ‘रेडब्राउझर’पासून. फुकट इंटरनेटचे आमिष दाखवणारा हा जावा प्रोग्रॅम रशियातल्या महागड्या क्रमांकांना गुपचूप एसएमएस पाठवी आणि बिल मालकाच्या माथी पडे. याला उत्तर म्हणून सिम्बियनच्या नवव्या आवृत्तीत प्रोग्रॅमवर सही असणे आणि त्याला काय काय करता येईल हे आधी ठरवून देणे सक्तीचे झाले. हौशी व्हायरसकारांचा धंदा त्याने जवळपास बसला. लवकरच सिम्बियनही बसला, हा भाग वेगळा.

जुलै 2008 मध्ये अॅपलने आयफोनसाठी अॅप स्टोअर उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. दोघांचा पाया एकच होता: प्रत्येक अॅपने आपापल्या कप्प्यात राहायचे, दुसऱ्याच्या कप्प्यात डोकवायचे नाही. संगणकावर एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या फायली सर्रास वाचू शकत असे. फोनवर ती मुभा राहिली नाही. याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फोनवरचा अँटिव्हायरसही शेवटी एक अॅपच असतो, तोही आपल्या कप्प्यातच अडकलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या अॅपच्या पोटात शिरून तपासणी करणे त्याला जमत नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी बंधू संजय यांच्यासह उभारलेल्या ‘क्विक हील’ने संगणकावर नाव कमावले आणि पुढे मोबाइलसाठीही उत्पादन आणले. पण फोनवर अँटिव्हायरसची भूमिका संगणकापेक्षा मर्यादितच राहिली. पहाऱ्याचे मुख्य काम प्रणाली आणि अॅपचे दुकान यांच्याकडे गेले.

या दुकानांच्या रीती वेगळ्या होत्या. अॅपल प्रत्येक अॅप तपासून घेई आणि दुकानाबाहेरून काही बसवू देत नसे. हे कुंपण स्वतःहून तोडणाऱ्यांचे आयफोन मात्र उघडे पडत. नोव्हेंबर 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘आयकी’ हा व्हायरस अशाच फोनांत शिरला, कारण त्यांचा मूळ पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता. त्याने फक्त पडद्यावर रिक अॅस्टली या गायकाचा फोटो लावून ठेवला. अँड्रॉइडचे धोरण मोकळे होते. तिथे कोणीही अॅप टाकावे आणि मालकाने वाटल्यास बाहेरूनही बसवावे. ऑगस्ट 2010 मध्ये व्हिडिओ प्लेअरचे सोंग घेऊन गुपचूप महागडे एसएमएस पाठवणारे पहिले अॅप रशियात सापडले. मार्च 2011 मध्ये खुद्द अँड्रॉइड मार्केटमध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ या चोर प्रोग्रॅमची लागण झालेली पन्नासहून अधिक अॅप्स निघाली आणि गूगलला ती लोकांच्या फोनांतून दुरूनच पुसून टाकावी लागली. फेब्रुवारी 2012 मध्ये गूगलने ‘बाउन्सर’ हा यांत्रिक तपासनीस जाहीर केला. दुकानात येणारे अॅप तो आधी स्वतः चालवून पाही. काही महिन्यांतच जॉन ओबरहाइड आणि चार्ली मिलर या संशोधकांनी त्याला चकवून दाखवले. आपण बाउन्सरच्या तपासणीत आहोत एवढे अॅपला ओळखता आले की ते तेवढ्यापुरते साळसूदपणे वागे.

मालकाच्या बाजूने पाहिले तर या काळातला मुख्य पहारा म्हणजे परवानग्यांची यादी. अॅप बसवताना हे संपर्क वाचेल, एसएमएस पाठवील, जागा कळवील असा तपशील एकदम समोर येई आणि सगळे मान्य करा नाहीतर अॅप सोडा, असा मामला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अॅप बसवताना या यादीकडे लक्ष देणारे अवघे 17 टक्के निघाले. यात लोकांचा दोष कमी आणि यादीचा जास्त होता. विजेरीच्या अॅपला संपर्क कशाला हवेत, हा प्रश्न पडायलासुद्धा उसंत मिळत नसे. 2015 च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून परवानगी गरज पडेल तेव्हा, एकेक करून मागितली जाऊ लागली आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येऊ लागली.

त्याच वर्षी जुलैमध्ये ‘स्टेजफ्राइट’ हे भगदाड उजेडात आले. नुसत्या एमएमएसने फोन ताब्यात घेता येण्याची शक्यता त्यात होती. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्याचा पायंडा पाडला. तो चांगलाच आहे, पण स्वस्त फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी या दुरुस्त्या उशिरा पोचवल्या किंवा पोचवल्याच नाहीत, आणि भारतात खपणारे बहुसंख्य फोन याच वर्गातले होते. कुठलाही ‘होय’ न दाबता फोन काबीज करणारी ‘पेगासस’सारखी हेरगिरीची साधनेही याच दशकात आली. 2019 मध्ये व्हॉट्सअॅपच्या कॉलमार्फत सुमारे 1,400 जणांवर त्याचा वापर झाल्याचे त्या कंपनीने न्यायालयात सांगितले. पण ती महागडी, सरकारांना विकली जाणारी आणि निवडक लोकांवर रोखलेली हत्यारे. सामान्य माणसाच्या खात्यातून पैसे गेले ते फार साध्या युक्त्यांनी.

भारतातला हा इतिहास बँकेच्या एका चांगल्या नियमापासून सुरू होतो. कार्ड समोर न ठेवता होणाऱ्या व्यवहारांना आणखी एक पडताळणी हवी, अशी सक्ती रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून लागू केली. ही दुसरी पडताळणी पुढे एसएमएसने येणाऱ्या ओटीपीच्या रूपात घरोघरी पोचली. तेव्हा अनेक देशांत नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर खरेदी होत असे. तो मार्ग भारतीय चोराला बंद झाला. मग त्याने आकडे मालकाकडूनच वदवून घ्यायला सुरुवात केली. ‘बँकेतून बोलतोय, तुमचं एटीएम कार्ड ब्लॉक झालंय’ हे वाक्य देशभर ओळखीचे झाले. या धंद्याशी झारखंडमधल्या जामताडा जिल्ह्याचे नाव कायमचे चिकटले. तिथल्या पोरांजवळ संगणकाचे मोठे ज्ञान नव्हते. स्वस्त फोन, दुसऱ्यांच्या नावावरची सिमकार्डे, भाड्याने घेतलेली बँक खाती आणि बँकवाल्याच्या सुरात बोलण्याचा सराव, एवढ्या भांडवलावर धंदा चाले.

एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, वर्षाच्या शेवटी ‘भीम’ अॅप आले. आयुष्यात कधी कार्ड न वापरलेली माणसे थेट फोनवरून पैसे देऊ लागली. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हा साधा नियम नव्यांना ठाऊक नव्हता आणि भामट्यांनी नेमका तोच हेरला. जुना सोफा विकायला काढलेल्याला गिऱ्हाइकाचा फोन येई: पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका. प्रत्यक्षात ती पैसे मागणारी विनंती असे. या वाटेला व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांपुरता बांध पडायला ऑक्टोबर 2025 उजाडावा लागला. दरम्यान फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने फोनचा पडदा दुरून दाखवणाऱ्या ‘एनीडेस्क’ या अॅपबाबत बँकांना सावध केले. ते अॅप स्वतः लबाड नव्हते. दुरून संगणक दुरुस्त करणारे ते रोज वापरतात. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा संदेश पाठवून आणि घाबरून फोन करणाऱ्याला असलेच एखादे पडदा दाखवणारे अॅप घ्यायला लावून 2022 मध्ये महाराष्ट्रासह देशभर अनेकांना गंडा घातला गेला. महावितरणला ग्राहकांसाठी इशारे काढावे लागले.

कर्ज देणाऱ्या अॅप्सची कथा याहून काळी आहे. कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात हातात पैसा नसलेल्यांना ती मिनिटांत काही हजार रुपये देत आणि त्या बदल्यात संपर्क आणि फोटो यांची परवानगी मागत. हप्ता चुकला की नातेवाइकांना, सहकाऱ्यांना शिवीगाळीचे फोन जात, फोटोत फेरफार करून बदनामी केली जाई. छळाला कंटाळून लोकांनी आत्महत्या केल्या. इथे चोरी झालीच नव्हती. परवानगी मालकानेच दिली होती. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021 च्या सुरुवातीला 80 हून अधिक अॅप दुकानांत सुमारे 1,100 कर्ज अॅप्स आढळली, त्यांतली 600 बेकायदा. सप्टेंबर 2022 च्या नियमांनी कर्ज अॅप्सना संपर्क, फायली आणि कॉलची यादी यांना हात लावायची मनाई केली आणि मे 2023 पासून गूगलनेही आपल्या दुकानात तीच अट घातली.

एसएमएस वाचण्याच्या परवानगीवर गूगलने याआधीच, 2018 मध्ये, निर्बंध जाहीर केले होते. दुकानाचे हे दार अरुंद झाले तसे भामटे दुकान टाळून अॅपची फाइल, म्हणजे एपीके, थेट व्हॉट्सअॅपवर पाठवू लागले. फाइलीचे नाव कधी आरटीओ चलन, कधी लग्नपत्रिका, कधी पीएम किसान. ती बहुधा ओळखीच्या माणसाकडून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. उघडायला गेले की अँड्रॉइड अडवतो: अनोळखी ठिकाणचे अॅप बसवायची परवानगी नाही. खालीच सेटिंग्जचे बटण असते. ते दाबून परवानगी दिली की अॅप बसते आणि एसएमएस वाचण्याची मुभा मागते. ती मिळाली की अनेकदा त्याचे चिन्ह पडद्यावरून गायब होते. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो आणि मालकाला पैसे गेल्याचे कधीकधी कळते ते थेट बँकेत पासबुक भरताना. काही अॅप्स दिव्यांगांच्या सोयीसाठी असलेली ‘अॅक्सेसिबिलिटी’ सुविधा मागतात. तिच्या जोरावर पडदा वाचता येतो आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. अँड्रॉइडच्या 2022 मधल्या तेराव्या आवृत्तीपासून बाहेरून आलेल्या अॅपला ही सुविधा सहज देता येत नाही.

2017 मध्ये आलेला ‘प्ले प्रोटेक्ट’ हा पहारेकरी फोनवरची अॅप्स वरचेवर तपासत असतो. 2024 मध्ये आधी सिंगापुरात आणि त्याच वर्षी भारतात त्याला आणखी अधिकार मिळाले: ब्राउझर किंवा व्हॉट्सअॅपमधून आलेले अॅप एसएमएस, सूचना किंवा अॅक्सेसिबिलिटी मागत असेल, तर ते बसवूच द्यायचे नाही. 2025 मध्ये गूगलने त्याहून मार्मिक पाऊल जाहीर केले. अनोळखी माणसाशी कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करता येणार नाही आणि अॅक्सेसिबिलिटीची परवानगीही देता येणार नाही. कानाला लागलेला आवाज हाच चोराचा खरा प्रोग्रॅम असतो, हे ओळखून केलेला हा पहिला ठळक उपाय म्हणता येईल.

सरकारी यंत्रणा यात उशिरा, पण जोमाने उतरली. ऑगस्ट 2019 मध्ये राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल सुरू झाले. 2021 मध्ये आर्थिक फसवणुकीसाठी मदत क्रमांक आला. आज तो 1930 आहे. त्यामागचा हिशेब सरळ आहे: चोरलेली रक्कम एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात जाते. वाटेत ती गोठवायची, तर तक्रार पहिल्या तासाभरात यायला हवी. मे 2023 मध्ये ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलमुळे आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहता येऊ लागले. *401# लावायला सांगून पीडिताचे कॉल वळवून घेण्याची क्लृप्ती वाढल्यावर अशा कोडने कॉल वळवणे 15 एप्रिल 2024 पासून थांबवण्यात आले. एवढे करूनही 2024 मध्ये सायबर फसवणुकीत देशाने 22,845 कोटी रुपये गमावल्याची माहिती सरकारने लोकसभेत दिली. 2023 चा आकडा 7,465 कोटी होता. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाने व्हिडिओ कॉलवर माणसाला घरातच डांबून ठेवण्याचा प्रकार त्याच काळात फोफावला. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही आणि या फसवणुकीला फोनवर कोणते लबाड अॅप बसवावेही लागत नाही.

ज्या ओटीपीपासून भारतातली ही कहाणी सुरू झाली, त्याचा एकाधिकार आता संपत आला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार 1 एप्रिल 2026 पासून डिजिटल व्यवहारांना दोन पडताळण्या लागतीलच, मात्र दुसरी एसएमएसनेच यावी असा आग्रह नाही. बोटाचा ठसा, अॅपमधला कोड किंवा त्या विशिष्ट फोनशी बांधलेली किल्लीही चालेल. एसएमएसवरच्या ओटीपीवर बंदी नाही. साध्या फोनवर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांसाठी तो राहणारच आहे.