वाड्यात काय मांडावं?

“सोजिरांनी बुटांसकट देवघरात पाय ठेवला, तिथंच रँडसाहेबाचं मरण लिहिलं गेलं,” असं आजी ठासून सांगायची. सांगता सांगता माझ्या काखेत बोट खुपसायची. “गाठ अशी चाचपायचे, बायाबापड्यांचीसुद्धा.” तिनं पुण्यातला १८९७चा प्लेग पाहिला नव्हता, प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँडही नाही; सगळं सासूकडून ऐकलेलं. पण चिंचवडगावातल्या जुन्या घरांत चापेकर बंधूंची गोष्ट अशीच आली, तिखटमीठ लावून.

२२ जूनची रात्र, राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीचा रस्ता. “गोंद्या आला रे आला!” ही खुणेची आरोळी आजोबा अशी ठोकायचे की शेजारचे दचकावेत. दामोदरनं रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णानं त्याच्या सोबतच्या अधिकाऱ्यावर, आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फासावर गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १०ला त्यांचा साथीदार महादेव रानडे, १२ला बाळकृष्ण. हरिपंत कीर्तनकारांची तीन मुलं तेरा महिन्यांत संपली. इथं आजोबा गप्प व्हायचे.

एक भाग मात्र त्यांनी कधीच सांगितला नाही. दामोदरनं तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. राणीच्या मुंबईतल्या पुतळ्याला डांबर फासल्याचं त्यात आहे, तसा सुधारकांवरचा जळजळीत रागही आहे. माणूस कर्मठ होता. हुतात्म्याचं हे अंग झाकून ठेवलं, तर चापेकरांच्या वाड्याचं नुसतं देऊळ होईल, आणि देवळांना चिंचवडात तोटा नाही.

वाड्याच्या जीर्णोद्धारामागे क्रांतिवीर चापेकर स्मारक समिती आहे. गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकारानं याच समितीनं चिंचवडगावात गुरुकुलम् उभं केलं. तिथं पारध्यांची आणि इतर भटक्यांची मुलं शिकतात. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला आणि ज्यांचा तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं, त्यांची ही लेकरं. कर्मठ दामोदरला हे रुचलं असतं का, कोण जाणे. मला तरी पुतळ्यांपेक्षा ही शाळा मोठं स्मारक वाटते.

चाकणच्या कंपन्यांसाठी लातूरहून, बिहारहून आलेल्या पोरांना चापेकर म्हणजे बसचा थांबा. त्यांना वाड्यात आणायचं, तर त्यांच्या ओळखीचं काही दाखवायला हवं. ते फार लांब नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पेनिसिलिनपाठोपाठ तिथं स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं, आणि ते प्लेगवरचं औषध! रँडला अधिकार देणाऱ्या रोगाचा उतारा वाड्यापासून काही किलोमीटरवर, आमच्याच गावातल्या कामगारांच्या हातून तयार होत होता.

तेव्हा वाडा सांभाळणाऱ्यांना एक विनंती : पिस्तुलाच्या चित्राशेजारी स्ट्रेप्टोमायसिनची एक कुपी ठेवा, आणि दामोदरच्या आत्मवृत्तातली ती अवघड पानंही उघडी ठेवा.