बारामतीचे पटेल आणि कोरीवयंत्राची निगा

अमरावती-अकोल्याच्या बाजारात रबरी शिक्के, नावाच्या पाट्या, स्नेहसंमेलनाची सन्मानचिन्हे करून देणाऱ्या दुकानांत आता लेसरने कोरणारी यंत्रे दिसतात. लाकूड व अ‍ॅक्रिलिक कोरणाऱ्या बहुतेक यंत्रांत काचेची लांब नळी असते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम यांचे मिश्रण असते. हे मिश्रण का ठरले ते कळले, की यंत्राच्या निगेचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिला लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून बनवला. कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी सिद्ध केला. पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. नुसत्या कार्बन डायऑक्साइडपासून मिळणारी शक्ती मिलिवॉटमध्ये मोजावी इतकी क्षीण होती. तेव्हा पटेल यांनी नायट्रोजनची मदत घेतली. नायट्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे तो कंप पावू लागला तरी ती ऊर्जा प्रकाशरूपाने सहजी टाकू शकत नाही. टक्कर होताच ती तो कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला देऊन टाकतो, कारण दोघांच्या त्या ऊर्जापातळ्या जवळजवळ सारख्या आहेत. अकरावी-बारावीच्या वर्गात सांगण्याजोगे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. १९६५ मध्ये हेलियमची भर पडली आणि शक्ती शंभर वॉटच्या पुढे गेली. हेलियम रेणूंची खालची पातळी रिकामी करण्यास मदत करतो आणि उष्णता झटपट नळीच्या भिंतीकडे नेतो.

ती उष्णता पुढे न्यायची पाण्याने. वायू तापला, की खालची पातळी उष्णतेनेच भरू लागते आणि लेसर मंदावतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा पाणी नुसते फिरवून भागत नाही. ते थंडही करावे लागते. आणि ते बोअरचे नको. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला परिचित आहेच. त्या पाण्यातील क्षार नळीत साचतात. शिवाय खारे पाणी विजेचे वाहक, आणि नळीवरचा दाब हजारो व्होल्टचा! म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. प्लग काढल्यावरही हा दाब काही काळ टिकू शकतो, तेव्हा नळीच्या टोकांना जाणकारानेच हात लावावा.

आता भिंगाकडे वळू. या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे अवरक्त. डोळ्यांना तो दिसत नाही, पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजू शकतो. झाकण उघडे ठेवून यंत्र चालवू नये ते यासाठी. साधी काच हे किरण शोषून घेते. म्हणून सुरुवातीच्या लेसरांत सैंधवाच्या स्फटिकांच्या खिडक्या वापरत. पण मीठ ते मीठच! दमट हवेत त्या धुरकट होत. पुढे झिंक सेलेनाइडची पिवळसर भिंगे आली. त्यांना दमटपणाचे भय नाही, काजळीचे मात्र आहे. रबर जाळल्यावर बसणारी काजळी किरण शोषते, भिंग तापते आणि तडकते. कोरीव तुकड्यांचा कचरा खालच्या जाळीवर राहिला, तर तो पेट घेतो. रेक्झिनवर बहुधा पीव्हीसीचा थर असतो. ते कोरल्यास हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही गंजवणारा, म्हणून रेक्झिन या यंत्रात घालूच नये.

भिंग साफ करताना प्लग काढून ते थंड होऊ द्यावे. भिंगाच्या मऊ कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून तो कागद भिंगावरून अलगद ओढावा, घासू नये. भिंग फुटलेच तर तुकडे हातमोजे घालून बंद डबीत ठेवावेत, केरात टाकू नयेत. सेलेनियमची संयुगे विषारी असतात.