ऑप्सोनियोन

ऑप्सोनियोन : सैनिकाला मिळणारा शिधा किंवा त्यापोटी दिलेली रोख रक्कम, या अर्थाचा ग्रीक लष्करी शब्द. भाकरीबरोबरचे कालवण म्हणजे ‘ऑप्सोन’. त्याला विकत घेण्याच्या अर्थाचा धातू जोडून हा शब्द झाला. अथेन्सच्या बाजारात ऑप्सोन म्हणजे बहुधा मासळीच. योहानाच्या शुभवर्तमानातील ६व्या अध्यायातल्या मुलाजवळचे दोन मासे (ऑप्सारिआ) याच कुळातले.

रोमन फौजेचे दर ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने हाच शब्द वापरून दिले आहेत : पायदळाच्या शिपायास रोज २ ओबोल, शताधिपतीस दुप्पट, घोडेस्वारास १ द्राख्मा. रोमन शिपायाच्या या रकमेतून धान्य, कपडे व जादा शस्त्रांची किंमत कापली जाई. मित्रराज्यांच्या सैनिकांना धान्य फुकट. ऑगस्टसच्या काळी शिपायाचा वार्षिक पगार २२५ दिनार होता व तो तीन हप्त्यांत मिळे. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात (३:२८) राजा अंतियोख फौजेला वर्षभराचे ऑप्सोनियोन आगाऊ देतो.

नव्या करारात हा शब्द चारदा येतो. लूक ३:१४ आणि १ करिंथ ९:७ येथे संदर्भ उघड शिपायांचा आहे. २ करिंथ ११:८ मध्ये पौल इतर मंडळ्यांकडून घेतलेल्या मदतीला हे नाव देतो. वाद आहे तो रोमकरांस पत्र ६:२३ चा. तेथे पापाचे ‘वेतन’ अनेकवचनी असून त्यासमोर देवाचे ‘कृपादान’ (खारिस्मा) ठेवले आहे. लॅटिन ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनने त्या दानासाठी सम्राटाच्या बक्षिसीचा लष्करी लॅटिन शब्द (डोनाटिवुम) योजला. हे लष्करी रूपक पौलाच्या मनात असेलच असे नाही. मात्र त्याच अध्यायात (६:१३) शस्त्रे असाही अर्थ असलेला ‘होप्ला’ आहे. अभ्यासक कारागुनिस (१९७४) यांच्या मते मूळ अर्थ पगार नसून रसद. मळ्यातल्या मजुरीसाठी मत्तय (२०:८) वेगळाच शब्द वापरतो : मिस्थोस.

मराठी भाषांतरे : नवा करार सेरामपूर, १८११, पंडिता रमाबाईंचे मूळ भाषांवरून केलेले पूर्ण बायबल १९२४. रोमकरांस पत्रात रूढ शब्द ‘वेतन’. पेशवाईच्या कागदांतला ‘रोजमुरा’ अर्थाने अधिक जवळचा.