एव्हरेस्ट परिसराचा नकाशा, १९२१

माउंट एव्हरेस्टच्या उत्तरेकडील, तिबेटमधील पर्वतप्रदेशाचा प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला पहिला तपशीलवार स्थलवर्णनात्मक नकाशा. भारतातील दूरच्या ठाण्यांवरून घेतलेल्या वेधांवरून या शिखराची उंची १८५६ मध्ये ८,८४० मी. (२९,००२ फुट) जाहीर झाली होती. तथापि नेपाळ व तिबेट परकीयांना बंद असल्याने शिखराभोवतालच्या हिमनद्या व खिंडी अज्ञातच होत्या. १९२१ मध्ये तिबेटची परवानगी मिळून चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम निघाली. भारतीय सर्वेक्षण खात्याने तीबरोबर हेन्री मोर्सहेड व ऑलिव्हर व्हीलर हे अधिकारी आणि लालबीरसिंग थापा, गुज्जरसिंग इ. सर्वेक्षक पाठविले.

मोर्सहेड यांच्या तुकडीने सु. ३१,००० चौ. किमी. प्रदेशाचे एका इंचास चार मैल या प्रमाणावर नव्याने सर्वेक्षण केले. व्हीलर यांनी शिखरालगतच्या सु. १,५५० चौ. किमी. भागासाठी कॅनडातील पर्वतांत रूढ झालेली छायाचित्रीय पद्धती वापरली. स्थान निश्चित असलेल्या दोन किंवा अधिक ठाण्यांवरून एकाच भूभागाची छायाचित्रे घेतात व त्यांवरील दिशारेषांच्या छेदनबिंदूंवरून प्रत्येक स्थळाची जागा व उंची ठरवितात. त्यामुळे दुर्गम कड्यांवर न चढताही त्यांचे आलेखन करता येते. मात्र ढग विरेपर्यंत उंच ठाण्यांवर दिवसेंदिवस थांबावे लागे.

या कामाचे महत्त्व लगेच प्रत्ययास आले. पूर्व राँगबुक हिमनदीचे पाणी एका अरुंद घळीतून मुख्य राँगबुक खोऱ्यात येते. जॉर्ज मॅलरी व गाय बुलक या गिर्यारोहकांना या घळीचे महत्त्व उमगले नाही. उत्तर खिंडीकडे (नॉर्थ कोल) जाणारी वाट पूर्वेकडून असावी, या समजुतीने ते मोठा वळसा घालून खार्ता खोऱ्यात गेले. ही हिमनदी राँगबुक खोऱ्यातच उतरते, हे व्हीलर यांच्या आलेखनाने सिद्ध झाले. २४ सप्टेंबर १९२१ रोजी हे तिघे खार्ताच्या बाजूने उत्तर खिंडीत पोहोचले. पण १९२२ व १९२४ च्या मोहिमांनी पूर्व राँगबुकचाच मार्ग पतकरला. उत्तरेकडील आरोहणाचा तोच आजही रूढ मार्ग आहे.

नेपाळबंदीमुळे दक्षिण उतारांचे प्रत्यक्ष सर्वेक्षण मात्र तेव्हा होऊ शकले नाही. एर्विन श्नायडर यांच्या १९५५ च्या सर्वेक्षणावरून तो भाग १ : २५,००० प्रमाणाच्या नकाशात आला. शिखराची उंची कळल्यानंतर त्याच्या पायथ्याची वाट कळण्यास ६५ वर्षे लागली; त्या अंतराची साक्ष म्हणून १९२१ च्या या नकाशास भूगोलाच्या इतिहासात स्थान आहे.